बॉनेटवरचे सात डाग

गाडीवरचा डाग आधी ओळखायचा आणि मगच त्याला हात लावायचा. डांबर असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घ्यायचं, ते फडकं डागावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. डांबर आपणहून सैल पडतं. झाडाचा चीक स्पिरिटने जातो. सिमेंटचे शिंतोडे व्हिनेगरने मऊ होतात, पण कोणी घाईने नखाने खरवडले तर रंग घेऊनच निघतात. सगळ्यात वाईट पक्ष्यांची घाण. ती पुसून जाते, पण आठवडाभर उन्हात राहिली असेल तर तिने खालचा थर खाल्लेला असतो. पुसल्यावर जे दिसतं तो डाग नसतो, बारीक खड्डा असतो. तो घालवायचा म्हणजे आजूबाजूचा थर मशीनने घासून खड्ड्याच्या पातळीला आणायचा. आणि गाडीच्या रंगावरचा तो पारदर्शक थर वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो.

हे काम मी एकतीस वर्षं केलं. म्हणजे आम्ही दोघांनी केलं. मी घासायचो आणि बायको बघायची.

लोकांना वाटायचं, ती मला सोबत म्हणून येऊन बसते. तसं नव्हतं. गाडी धुऊन कोरडी झाली की ती हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायची. उघड्या बोटांना जी कचकच कळत नाही ती पिशवीतून कळते. "इथे," म्हणाली की मी तिथे कागदी पट्टीचा तुकडा चिकटवायचो. मग मी मशीन सुरू केलं की ती शटरजवळ, सहा फुटांवर, स्टुलावर बसायची. तिथून उजेड तिरका पडतो आणि मशीनवर वाकलेल्या माणसाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं. काम झालं की ती म्हणायची, "पुरे." मी बटण बंद करायचो. मी कधी आणखी एक फेरी मारायला गेलो तर म्हणायची, "अहो, पुरे म्हटलं ना. आता तिथे डाग नाही, तुमचा हट्ट आहे."

एकतीस वर्षांत मी आपल्या मनाने मशीन बंद केलं असेल असं मला आठवत नाही.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. सहा आठवडे आजारी होती. त्या सहा आठवड्यांत शेडला कुलूप लागलं ते नंतरही तसंच राहिलं. मुलगा आणि सूनबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेले. दोघंही चांगली आहेत, तक्रारीला जागा नाही. पण त्यांच्या घरी मी दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरलो. दुसऱ्यांदा भांड्याच्या बुडाला भोक पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. एकदा नळ सुरू ठेवून बाल्कनीत जाऊन बसलो आणि खालच्या मजल्यावरची बाई छत्री उघडून वर आली. सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. तो मोजून बोलणारा आहे, आईवर गेलाय. त्याने दोन दिवसांनी विषय काढला, की शेडमध्ये रॉकेल असतं, स्पिरिट असतं, विजेचं मशीन असतं. तिथे मी एकटा. या महिन्याच्या तीस तारखेला शेडचा करार संपतो, तो पुढे वाढवायला नको.

माझ्या मनात एवढंच आलं, की घरातली सगळी कामं तिची होती. घरात बसून मी नुसता तिच्या कामांकडे बघणार. शेडमधलं निदान अर्धं काम माझं आहे.

महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मी सामान आवरायला म्हणून शेड उघडली. शेजारच्या गाळ्यात वेल्डर आहे. सगळे त्याला ठिणगी म्हणतात, मीही. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काय रे, जिवंत आहेस होय? मी तुझ्या शटरवर माझी जाहिरात लावणार होतो." मग तो आत आला, स्टुलाकडे बघितलं आणि उभाच राहिला. आम्ही उभ्यानेच चहा घेतला.

चहा संपतो न संपतो तोच ड्रायव्हिंगबाई आल्या. त्या गाडी चालवायला शिकवतात. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय आणि उरलेलं अर्धं त्यांना बघून रस्ता सोडतं. पंधरा वर्षं त्यांची गाडी आमच्याकडे येते. घरच्या जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता, म्हणून बायको गेली तेव्हा त्यांना येता आलं नव्हतं. आता हातात काठी होती. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनींचं कळलं तेव्हा मी पलंगाला खिळलेले होते, भाऊ." एवढं झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला बाहेर गाडी दाखवायला नेलं.

गाडी गडद निळी. गडद रंगावर सगळं दिसतं, म्हणून तोच सगळ्यात अवघड. पाय मोडला तेव्हा ती झाडाखाली उभी होती आणि आतापर्यंत तिथेच राहिली. बाई म्हणाल्या, पाखरांनी माझ्या गाडीचं सार्वजनिक शौचालय करून टाकलंय. टपावर चीक, दारांवर सिमेंट, खाली चाकांच्या बाजूला डांबर आणि बॉनेटवर खाल्लेले डाग. मी मोजले. सात होते. शुक्रवारी सकाळपासून त्यांची शिकवणी पुन्हा सुरू व्हायची होती आणि गाडी गुरुवारी संध्याकाळी हवी होती. "एवढ्या दिवसांनी पोरं येणार. मास्तरणीचीच गाडी अशी असेल तर ती माझं काय ऐकणार?"

मी हो म्हटलं. ठिणगीने माझ्याकडे बघितलं.

त्याच दिवशी मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, शेड परत द्यायचं ठरलंय ना?"

"तुझं आणि मालकाचं ठरलंय," मी म्हटलं. "आता माझं ऐक. ही एक गाडी मी एकट्याने नीट करून दिली, तर शेडचा विषय पुन्हा काढायचा नाही. बिघडली, तर किल्ल्या मी स्वतः तुझ्या हातात देईन."

त्याने थोडा विचार केला. "नीट झाली की नाही हे कोण ठरवणार?"

"जिची गाडी आहे ती."

"कबूल," तो म्हणाला.

बुधवारचा दिवस चांगला गेला. गाडी धुतली, सावलीत घेतली, पत्रा थंड होऊ दिला. डांबरावर रॉकेलची फडकी ठेवली आणि डांबर सैल पडेपर्यंत टपावरचा चीक स्पिरिटने काढला. सिमेंटवर व्हिनेगरच्या घड्या ठेवून वाट बघितली. या कामात घासणं कमी आणि वाट बघणं जास्त. वाट बघायला मला येतं. दुपारी पिशवीत हात घालून मी स्वतः पत्रा चाचपला. आधी काहीच कळेना. मग आठवलं की ती डोळे मिटायची. मी डोळे मिटले आणि डाव्या दारावर, हँडलखाली, कचकच लागली. संध्याकाळपर्यंत बॉनेट सोडून सगळी गाडी स्वच्छ झाली. घरी जेवताना मी दोनदा वाढून घेतलं. सूनबाईने मुलाकडे बघितलं, आणि मी बघितलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी सकाळी बॉनेट घेतलं. मला माझी खोड माहीत होती, म्हणून मी एक पद्धत ठरवली. एका डागावर सहा फेऱ्या मारायच्या, मशीन बंद करायचं, घासायची पेस्ट पुसायची, शटरजवळच्या स्टुलावर जाऊन बसायचं आणि तिथून बघायचं. गरज असली तर आणखी दोन फेऱ्या. पहिला डाग असा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला चार वेळा उठबस करावी लागली आणि गुडघे बोलायला लागले. पण गेला. चौथा, पाचवा आणि सहावाही. सहाव्यानंतर मी स्टुलावरून बघितलं तेव्हा बॉनेटमध्ये समोरच्या दुकानाची पाटी उलटी दिसत होती, अक्षर न् अक्षर.

सातवा डाग बॉनेटच्या मधल्या उभाराला लागून होता. असल्या कडांवर थर आणखी पातळ असतो, म्हणून तिथे मी पट्टी चिकटवली होती. डाग थोडा पट्टीखाली जात होता. मी पट्टी बोटभर मागे घेतली. मशीन सुरू केलं.

काम छान चाललं होतं. हात हलका होता, मशीनचा आवाज एकसारखा होता, पलीकडे ठिणगीचं ठोकणं चालू होतं. एकतीस वर्षं जशी सकाळ असायची तशीच ती होती. मी किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. माझ्या मनात आलं, आज ही बराच वेळ घेतेय.

असंच आलं मनात. मी आणखी घासत राहिलो, ती म्हणेपर्यंत.

मग मशीनच्या पांढऱ्या स्पंजवर निळा रंग दिसला.

गाडीचा रंग स्पंजवर येतो तेव्हा वरचा थर संपलेला असतो. या धंद्यातला पहिला धडा हाच. मी मशीन बंद केलं आणि पेस्ट पुसली. उभारावर तळहाताएवढा चट्टा पडला होता. रंग निळाच, पण मेलेला. आरशावर कोणी श्वास सोडावा तसा. शेडमधल्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी उठून स्टुलापर्यंत गेलो आणि त्यावर हात ठेवून उभा राहिलो. बसलो नाही.

आवाज थांबला म्हणून ठिणगी डोकावला. त्याने बॉनेट बघितलं आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला. आमची तीस वर्षांची ओळख आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मेण लाव."

मी म्हटलं, "मेणाने थर येत नाही."

"येत नाही. पण दिसतही नाही. दीड-दोन महिने कुणाच्या बापाला कळणार नाही. तोवर शेड तुझ्याकडे राहते. नंतर बाईंना सांग, ऊन लागलं, झालं असेल काहीतरी."

मी त्याला जा म्हटलं. तो गेला. मग मी मेणाचा डबा उघडला.

मेण लावलं, वाळू दिलं, मऊ फडक्याने पुसलं. चट्टा गेला. खरंच गेला. कुठे आहे हे माहीत असूनही मला तो नीट सापडेना. सगळी गाडी काचेसारखी दिसत होती. मी हात धुतले, पट्ट्या काढल्या, फरशी झाडली. जेवणाचा डबा आणला होता तो उघडला नाही.

मुलगा साडेचारला आला, ऑफिसातून लवकर निघून. मला वाटलं होतं तो सहाला येईल. तो गाडीभोवती फिरला, टपावरून हात फिरवला, वाकून दारं बघितली आणि सरळ होऊन म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला. मी उगाच घाबरलो." त्याने फोन काढून गाडीचा फोटो घेतला आणि सूनबाईला पाठवला. लगेच तिचा फोन आला. तो तिला सांगत होता, की मी मालकाला उद्याच कळवतो, शेड ठेवतोय म्हणून. त्याच्या आवाजात चार महिन्यांनी पहिल्यांदा मोकळेपणा होता. मी फडकी पिळत होतो. पिळून झालेली फडकी मी पुन्हा पिळली.

साडेपाचला बाई आल्या. त्यांनी काठी शटरला टेकवली आणि लंगडत गाडीला दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत त्या बॉनेटपाशी थांबल्या. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. पण त्या स्वतःचे केस ठीक करत होत्या, बॉनेटमध्ये बघून.

"वहिनी असत्या तर त्यांनी काहीतरी काढलंच असतं," त्या म्हणाल्या. "मला तर काही सापडत नाही."

ते खरं होतं. गाडी देताना बायको आधी राहिलेलं दाखवायची, मग काढलेलं. हा ओरखडा खोल आहे, तो राहिलाय. ही कड आम्ही घासली नाही, घासली असती तर रंग गेला असता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते सगळं ऐकवल्याशिवाय ती किल्ली द्यायची नाही. मला कधी कधी राग यायचा. मी म्हणायचो, अगं, आपलीच अब्रू आपण कशाला काढायची? ती म्हणायची, त्यांना घरी जाऊन सापडलं तर ते आपल्याला चोर म्हणतील, इथे सापडलं तर नुसतंच अडाणी म्हणतील.

मी स्पिरिटची बाटली उचलली, फडक्यावर ओतलं आणि उभारावरून दोनदा पुसलं. मेण निघालं. चट्टा वर आला.

मुलाने आधी चट्ट्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हे आधीचं आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी केलं. आज सकाळी."

"आणि वर मेण लावलंत."

"लावलं."

"मला दिसणार नाही म्हणून."

"दिसणार नाही हे मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "दोन महिन्यांनी दिसलं असतं."

बाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. त्या म्हणाल्या, वाटेत चार ठिकाणी गाड्या चकचकीत करून देतात, तिथे न जाता मी पंधरा वर्षं इथे कशासाठी येते? चकचकीतपणासाठी? उद्या सकाळी सातला पहिलं पोरगं येणार, त्याला मी काय सांगू? मी म्हटलं, रविवारपर्यंत बॉनेटला रंगाऱ्याकडून नवा थर मारून देतो, आधीसारखं होईल. त्या म्हणाल्या, ते तर द्यालच. पण झालं कसं? तुमच्या हातून?

मग मी सांगितलं. सहा फेऱ्या, उठबस, सातवा डाग. आणि सातव्या डागाला मी कशाची वाट बघत होतो तेही सांगितलं. ते मुलासमोर सांगायचं नव्हतं, पण अर्ध्यातून थांबता आलं नाही.

बाईंनी आजूबाजूला बघितलं, स्टूल दिसलं, आणि पाय दुखत होता तरी त्या त्यावर बसल्या नाहीत. गाडीचं दार उघडून डाव्या सीटवर बसल्या, जिथे त्या रोज बसतात.

"भाऊ, इकडे या. हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकवायच्या गाडीत असतो तसा. "शिकणाऱ्याला माहीत असतं की हा माझ्याकडे आहे. म्हणून तो बिनधास्त पळवतो. मग परवाना मिळतो, पहिल्यांदा एकटा गाडी काढतो आणि फाटकाला घासतो. सगळे घासतात. हुशारातला हुशारही घासतो."

"मग काय करतात?"

"काय करणार. काही दिवस हळू चालवतात. जिथे जमणार नाही त्या गल्लीत शिरत नाहीत." त्यांनी पाय आत घेतला. "पण मेणाचं मी विसरणार नाही हं. ते तुम्ही सांगितलंत म्हणून बोलतेय तरी."

त्या चट्टा तसाच घेऊन गेल्या. शनिवारी शिकवणी संपल्यावर गाडी रंगाऱ्याकडे सोडते आणि रविवारी दहाला तिथे येते म्हणाल्या.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी खिशातून किल्ल्या काढल्या आणि मुलाच्या हातात दिल्या. ठरलं होतं तसं. त्याने त्या घेतल्या. मला वाटलं होतं तो नको म्हणेल, पण त्याने घेतल्या आणि शटर स्वतः ओढलं. घरी जाईपर्यंत तो एकच वाक्य बोलला. "आई नुसती बसलेली असायची, असंच मला वाटायचं." मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं वाटायचं.

शुक्रवार-शनिवार मी घरीच होतो. सूनबाईने मला भाजी निवडायला दिली. मी जुडीची जुडी निवडली आणि पुढे देठांनाही हात घातला, तेव्हा तिने हसून ताट ओढून घेतलं. सातव्या डागाचं तिला काही माहीत नव्हतं. मी मात्र माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिलो.

रविवारी मुलगा मला रंगाऱ्याकडे घेऊन गेला. रंगारी माझ्याच वयाचा आहे, बडबड्या, कामात पक्का. बाईंनी शनिवारी गाडी सोडल्यावर बॉनेट काढून त्याने थर मारला होता, रात्रभर भट्टीत वाळवला होता. आता वर बसलेली धुळीची बारीक कणी काढून चकाकी आणायची होती, म्हणजे मशीन आलंच. त्याने मशीन माझ्यापुढे केलं. म्हणाला, तुझ्या हातचं काम आहे, तूच कर.

मी मागे सरकलो. मशीन नको म्हटलं. "तू घास. मी बघतो."

तो म्हणाला, तू काय बघणार? मी एक उलटा डबा ओढला आणि दारापासून सहा-सात फुटांवर बसलो. त्याने मशीन लावलं. आणि मला दिसायला लागलं. एकतीस वर्षं ती काय बघत होती ते मी पहिल्यांदा बघितलं. कणी कशी मावळते, चकाकी कुठून कुठे सरकते, कड कधी पातळ व्हायला लागते. त्यात काही जादू नाही. मशीनवर वाकलेल्या माणसाला ते दिसत नाही आणि बाजूला बसलेल्याला दिसतं, एवढंच. उजव्या कोपऱ्यात रंगारी रेंगाळला तेव्हा मी म्हटलं, बस झालं तिथे. त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. त्याने मशीन बंद करून विचारलं, "तू काय माझी बायको आहेस?" पण बोट फिरवून बघितलं आणि पुढच्या कोपऱ्याकडे गेला. त्यानंतर तो माझ्याकडे न बघताच विचारायचा, "इथे?" मी सांगायचो.

दहाला बाई आल्या आणि त्यांनी बॉनेट बघितलं. मी त्यांना डाव्या कडेची एक कणी दाखवली, जी ठेवली होती, कारण ती काढायला गेलो असतो तर कड गेली असती. त्या म्हणाल्या, दिसत नाही. मी म्हटलं, आहे. त्यांनी वाकून बघितलं, मान डोलावली आणि सांगितलं की त्यांच्या बहिणीच्या गाडीवर सिमेंट उडालंय, कधी पाठवू?

मी मुलाकडे बघितलं. किल्ल्या त्याच्याकडे होत्या.

तो मला थोडं बाजूला घेऊन गेला. मी काय ठरवलंय ते त्याला सांगितलं. घरी दोन दिवस तेच डोक्यात होतं. भिजवून, वाट बघून जे निघतं ते मी शेडमध्ये काढेन. डांबर, चीक, सिमेंट, किडे, पाण्याचे डाग. जे रंगाच्या आत गेलंय त्याला मी हात लावणार नाही. ते काम दोघांचं होतं. मशीन मी रंगाऱ्याला देऊन टाकतो, खाल्लेले डाग इकडे पाठवत जाईन, आणि त्याला हवं असेल तर बाजूला येऊन बसत जाईन.

"आणि मी नको म्हटलं तर?" मुलाने विचारलं.

"तर तसं. मी हरलोय, किल्ल्या तुझ्याकडे आहेत."

तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, त्या दिवशी मी स्वतः चट्टा दाखवला नसता तर त्याला काहीच कळलं नसतं, आणि त्याने मालकाला कळवूनही टाकलं असतं. म्हणजे मी जिंकलोच होतो. मी म्हटलं, हो, जिंकलो होतो.

"तीन महिने बघू," तो म्हणाला. "रॉकेल बाटलीभरच ठेवायचं. ठिणगीकाकांकडे दुसरी किल्ली राहील. आणि दुपारी जेवायला घरी यायचं, डबा नाही."

जेवायला घरी येणं मला लांब पडतं. पण मी कबूल केलं.

मालकाशी त्याने तीन महिन्यांचं बोलून घेतलं. सोमवारी मी शेड उघडली आणि आधी शिडी काढली. शटरवरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'गाडीवरचे सर्व डाग काढून मिळतील'. मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन 'सर्व' हा शब्द झाकला. ब्रश दोनदा फिरवला, उतरलो, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. खालची अक्षरं थोडी दिसत होती. परत चढून आणखी एकदा फिरवला.

ठिणगी गाळ्याच्या दारात उभा राहून बघत होता. "मग आता लोक विचारतील, कोणते डाग?"

"विचारू देत," मी म्हटलं. "गाडी घेऊन आले की सांगेन."

बाईंची बहीण दहाला आली. मी शिडी भिंतीला लावली आणि व्हिनेगरची बाटली घेऊन बाहेर गेलो.